माणूस नेमताना

बाल न्याय कायद्याच्या कलमांवर बोलणारे पुष्कळ भेटतात. ती कलमे रोज हाताळणारी माणसे कोण, त्यांना निवडते कोण, किती दिवसांसाठी नेमते आणि नेमल्यावर त्यांच्या कामाकडे पाहते कोण, यावर बोलणारे थोडे. हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नाला धरून लिहिलेले आहे. बाल न्याय मंडळाचे सदस्य, परिविक्षा अधिकारी, बालकल्याण पोलीस अधिकारी, समुपदेशक, निरीक्षणगृहाचा अधीक्षक आणि तिथला रात्रपाळीचा काळजीवाहक या सगळ्यांची नेमणूक आणि त्यांच्याकडून नीट काम करून घेणे हा त्याचा विषय. वरवर पाहता हा आस्थापना शाखेचा मामला वाटेल. जाहिरात, मुलाखत, करारनामा, हजेरीपट, प्रवासभत्ता. पण अठरा वर्षांखालचे पोर पोलिसांच्या हाती लागते, तेव्हा त्याचे पुढे काय होणार हे बरेचसे या कागदांनी आधीच ठरवून टाकलेले असते.

रायगड जिल्ह्यात हा विषय समजून घ्यायला वडखळसारखी जागा नाही. मुंबई-गोवा महामार्ग पेणहून इथे येतो. एक फाटा अलिबागला जातो, मूळ रस्ता नागोठण्याकडे आणि पुढे कोलाडकडे उतरतो. शेजारी डोलवीचा पोलाद कारखाना, धरमतर खाडीतून येणारा-जाणारा माल, पुढे नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत. खाडीच्या अंगाला खारबंदिस्तीतली भातशेती, डोंगराच्या अंगाला कातकरी आणि ठाकूर वाड्या. उत्तरेला हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने. रस्त्याकडेला गॅरेज, भंगारवाले, टपऱ्या, ढाबे आणि रात्रभर उभे राहणारे ट्रक. अशा भागात पोरांच्या नावावर येणारी प्रकरणे ओळखीची असतात. गॅरेजमागून गेलेली बॅटरी, उभ्या ट्रकच्या टाकीतले डिझेल, भंगारात विकलेले लोखंड, नाक्यावरची मारामारी, परवाना नसताना चालवलेली आणि कुणाला तरी धडकलेली मोटारसायकल, शेजारच्या गावच्या मुलीला घेऊन पळालेला सतरा वर्षांचा मुलगा. मोठ्या शहरातल्या टोळ्यांच्या गोष्टी इथे लागू पडत नाहीत. गरिबी, स्थलांतर, अर्धवट सुटलेली शाळा आणि वेगाने आलेला पैसा यांच्या मधल्या फटीत सापडलेली ही पोरे आहेत.

समजा, यातला एक सोळा वर्षांचा मुलगा रात्री दोन वाजता डिझेलच्या कॅनसह सापडला. ठाण्यात त्याला आणल्याबरोबर पहिला प्रश्न उभा राहतो तो माणसाचा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०७ नुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात किमान एक बालकल्याण पोलीस अधिकारी हवा. तो सहायक उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसावा, त्याला या कामाची आवड आणि प्रशिक्षण असावे, असे कायदा म्हणतो. मुलाला कोठडीत ठेवायचे नाही, बेड्या घालायच्या नाहीत, त्याच्याशी बोलताना गणवेश नको, कुठल्याही जबाबावर त्याची सही घ्यायची नाही, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे उभे करायचे. साध्या चोरीसारख्या प्रकरणात, मोठी माणसे सामील नसतील तर, एफआयआरसुद्धा नोंदवायचा नाही. स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल भरून मंडळाकडे पाठवायचा. म्हणजे या मुलाविषयीचा पहिला कागद पोलीस लिहितो. तो रात्रीच्या ड्यूटीवरचा थकलेला अंमलदार लिहितो की नेमलेला, शिकलेला अधिकारी लिहितो, यावर पुढच्या पंधरा दिवसांची दिशा ठरते.

दुसरा प्रश्न वयाचा. कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आपल्याकडच्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये १ जूनला जन्मलेली मुले किती असतात, हे शिक्षकांना ठाऊक आहे. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख दहा वर्षांनी एखाद्याला मंडळापुढे नेते किंवा थेट फौजदारी न्यायालयात उभे करते. दाखला मागवणाऱ्या अधिकाऱ्याला हे माहीत असेल तर तो मुख्याध्यापकांशी बोलतो, आधीच्या भावंडांच्या नोंदी पाहतो, वाडीत जाऊन विचारतो. माहीत नसेल तर जो कागद हाती आला तो जोडून मोकळा होतो.

तिसरा टप्पा परिविक्षा अधिकाऱ्याचा. मंडळापुढे मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत त्याने सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. या अहवालाच्या नमुन्यात कुटुंब, उत्पन्न, शाळा, मित्र, सवयी, वस्ती, शाळा सुटण्याचे कारण असे छापील रकाने आहेत. दोन अहवाल डोळ्यांपुढे आणा. पहिल्यात लिहिलेले असते: घरची परिस्थिती हलाखीची, वडील व्यसनी, मुलगा वाईट संगतीत, गृहभेटीत घर बंद आढळले. दुसऱ्यात लिहिलेले असते: कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेले आहे, मुकादमाकडून उचल घेतली आहे, आईची भेट भट्टीवर घेतली, मुलगा सातवीत असताना आश्रमशाळेतून तापाने घरी आला तो परत गेला नाही, गेले चार महिने तो नाक्यावर एका गॅरेजमध्ये बिनपगारी काम शिकत होता, डिझेल विकत घेणारा मोठा माणूस आहे, आणि मुलाचे चुलते त्याला आपल्याकडे ठेवायला तयार आहेत. दोन्ही अहवाल वेळेत आले, दोन्हींवर सही-शिक्का आहे, तक्त्यात दोन्हींपुढे बरोबरची खूण पडेल. पण पहिला वाचून मंडळ मुलाला निरीक्षणगृहात ठेवण्याचा विचार करील आणि दुसरा वाचून चुलत्यांना बोलावणे धाडील.

या दोन अहवालांतला फरक कशाने पडला, हे शोधणे हाच या पुस्तकाचा उद्योग आहे. उत्तर अधिकाऱ्याच्या चांगुलपणात शोधून भागत नाही. दुसरा अधिकारी भट्टीवर गेला, कारण कातकरी कुटुंबे पावसाळ्यापर्यंत वाडीवर नसतात हे त्याला माहीत होते. जाऊ शकला, कारण त्याला त्या दिवशी दुचाकीचे पेट्रोल परवडले, किंवा कार्यालयाने गाडी दिली. आईशी बोलू शकला, कारण बोली कानावरची होती, किंवा वाडीतली एखादी अंगणवाडी सेविका बरोबर होती. आणि इतके करायला त्याला वेळ होता, कारण त्याच आठवड्यात त्याच्याकडे तीन तालुक्यांचे आणखी दहा कागद नव्हते. निवड, साधने, मुदत आणि कामाचा बोजा या चार गोष्टी. चारही नेमणाऱ्याच्या आणि देखरेख करणाऱ्याच्या हातातल्या.

ही अडचण नवी नाही. जगातले पहिले मानले जाणारे बाल न्यायालय १८९९ मध्ये शिकागोत सुरू झाले. ज्या कायद्याने ते सुरू झाले, त्यानेच परिविक्षा अधिकाऱ्यांना सरकारी तिजोरीतून पगार मिळणार नाही असे लिहून ठेवले होते. न्यायालय उघडले, पण मुलांच्या घरी जाणारी माणसे कुठून आणायची? शेवटी हल हाऊस या सेवासंस्थेभोवती जमलेल्या स्त्रियांनी वर्गण्या काढून त्यांचे पगार भागवले. न्यायाधीशाची खुर्ची सरकारने द्यायची आणि मुलाच्या घरापर्यंतची पायपीट मात्र धर्मादायावर सोडायची, ही खोड तिथूनच सुरू झाली.

आपल्याकडे मद्रासने १९२० मध्ये, बंगालने १९२२ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९२४ मध्ये मुलांसाठी वेगळे कायदे केले. मुंबईत १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली आणि कायदा जमिनीवर आला. ज्या डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते, त्याच उमरखाडीच्या आवारात पुढे मुंबईच्या पोरांचे रिमांड होम आले. भिंती त्याच राहिल्या. आत काम करणारी माणसे बदलली तरच त्या जागेचा अर्थ बदलणार होता. तशी माणसे तयार कुठे होणार, या प्रश्नाला १९३६ मध्ये मुंबईत निघालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर शाळेने उत्तर द्यायला सुरुवात केली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९३८ चा मुंबईचा परिविक्षा कायदा, १९४८ चा मुंबई बालक अधिनियम, १९५८ चा केंद्राचा परिविक्षा कायदा असे टप्पे पुढे आले. जिल्ह्याजिल्ह्यांत परिविक्षा व अनुरक्षण संघटना उभ्या राहिल्या आणि रिमांड होम चालवू लागल्या. जुन्या पिढीतल्या परिविक्षा अधिकाऱ्यांना गावोगावचे पोलीस पाटील आणि हेडमास्तर नावाने ओळखत, याचे मुख्य कारण ते एका जागी वर्षानुवर्षे टिकत.

नंतर कायदे भराभर बदलले. १९८६ चा देशभरासाठी एक कायदा, १९९२ मध्ये भारताने मान्य केलेला संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार, त्याला धरून २००० चा नवा कायदा, डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर त्यातल्या अल्पवयीन आरोपीवरून पेटलेला वाद आणि १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेला २०१५ चा अधिनियम. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१८ मध्ये केले. प्रत्येक कायद्याने माणसांकडून मागितलेले काम वाढवले. माणसे मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. ९ फेब्रुवारी २०१८ रोजी संपूर्णा बेहुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की बाल न्याय मंडळे, बालकल्याण समित्या आणि बालहक्क आयोग यांतली रिकामी पदे वेळेत भरा. उच्च न्यायालयांनी यावर स्वतःहून लक्ष ठेवावे, असेही त्या निकालात आहे. २००० चा कायदा होऊन अठरा वर्षे झाल्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला खुर्च्या भरण्याचा आदेश काढावा लागतो, यावरून दुखणे कुठे आहे ते कळावे.

आता नेमणुकांकडे एकेक करून पाहू. मंडळात एक प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी किंवा महानगर दंडाधिकारी असतो, किमान तीन वर्षांच्या अनुभवाचा. त्याच्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते सदस्य, त्यांत एक स्त्री असलीच पाहिजे. सदस्याला मुलांच्या आरोग्य, शिक्षण वा कल्याणाच्या कामाचा किमान सात वर्षांचा अनुभव हवा, किंवा तो बालमानसशास्त्र, मानसोपचार, समाजशास्त्र वा कायद्याची पदवी घेऊन प्रत्यक्ष व्यवसाय करणारा हवा. निवड समितीच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. नेमणुकीपासून साठ दिवसांत प्रशिक्षण द्यायचे. सलग तीन महिने कारणाशिवाय गैरहजर राहिला किंवा वर्षातल्या किमान तीन चतुर्थांश बैठकांना आला नाही, तर त्याला काढता येते. अपात्रतेच्या यादीत एक बाब वाचण्यासारखी आहे: ज्याने कधी बालमजूर राबवला, तो इथे बसू शकत नाही. घरी दहा वर्षांची मुलगी भांड्यांना ठेवणारा प्रतिष्ठित गृहस्थ आपल्याकडे दुर्मीळ नाही. मुलाखतीत हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि उत्तर कुणाच्या तरी ओळखीतून तपासलेही पाहिजे.

हे कागदावर चोख दिसते. प्रत्यक्षात काय घडू शकते ते १९ मे २०२४ रोजी पुण्यात साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या आलिशान गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. त्याच दिवशी त्याला जामीन मिळाला, आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध होता. संताप उसळला तो निबंधावर. पण या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचे दुसरेच काही आहे. त्या दिवशी रविवार होता. मंडळ बसलेले नसताना मुलाला एकट्या सदस्यापुढे हजर करता येते, ही कायद्यातली सोय मुलाला ताटकळत ठेवू नये म्हणून आहे. ती त्या दिवशी वापरली गेली. न्यायदंडाधिकारी नसलेल्या एका सदस्याने एकट्याने आदेश दिला. पुढे महिला व बालविकास विभागाने चौकशी समिती नेमली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने मंडळाच्या दोन सदस्यांच्या सेवा संपवल्या. बाल न्यायात जामीन हा नियम आहे आणि तो तसाच राहिला पाहिजे. पण सुटीच्या दिवशी एकटा बसणारा सदस्य कोण आहे, त्याचे प्रशिक्षण झाले आहे का, अवघड प्रकरणात त्याने कुणाला फोन करायचा, त्याच्या आदेशाकडे दुसऱ्या दिवशी कोण पाहणार, हे प्रश्न त्या पहाटेपूर्वीच सुटलेले असायला हवे होते. पुण्यात ते सुटले नसतील तर पेण-रोह्याने निश्चिंत राहण्याचे कारण नाही.

सोळा वर्षांवरील मुलावर सात वर्षे किंवा अधिक किमान शिक्षेचा गुन्हा असेल, तर मंडळाला तीन महिन्यांत प्रारंभिक मूल्यांकन करावे लागते. मुलाची मानसिक आणि शारीरिक क्षमता, परिणामांची जाण, गुन्ह्याची परिस्थिती पाहून त्याला प्रौढासारखे चालवायचे का, हे त्यात ठरते. पळून गेलेल्या जोडीतला सतरा वर्षांचा मुलगा पोक्सो कायद्याखाली येतो तेव्हा तोही या चाळणीतून जाऊ शकतो. १३ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मंडळात बालमानसशास्त्राचा वा मानसोपचाराचा व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे ऐच्छिक नाही, घेतलीच पाहिजे. आता हा तज्ज्ञ जिल्ह्यात आणायचा कुठून? जिल्हा रुग्णालयाशी, मुंबई-पुण्याच्या संस्थांशी आधीपासून लेखी व्यवस्था नसेल तर तीन महिने पत्रव्यवहारातच जातात आणि मुलगा निरीक्षणगृहात बसून राहतो. तज्ज्ञांची यादी, त्यांचे मानधन आणि त्यांच्या येण्याच्या तारखा हे काम प्रकरण उभे राहण्याआधीचे आहे.

खरी कळ मात्र कंत्राटात आहे. २००९-१० पासून एकात्मिक बाल संरक्षण योजनेतून जिल्हा बाल संरक्षण कक्ष उभे राहिले. तीच योजना आता मिशन वात्सल्य नावाने चालते. जिल्हा बाल संरक्षण अधिकारी, संरक्षण अधिकारी, विधी तथा परिविक्षा अधिकारी, समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ते, क्षेत्र कार्यकर्ते अशी पदे त्यात आहेत आणि ती बहुतेक मानधनावर, कंत्राटी भरली जातात. अकरा महिन्यांचा करार, मग नूतनीकरणाची वाट, मानधनाला उशीर. आता कायद्याचे कलम १८ पाहा. मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिविक्षेवर सोडता येते. तीन वर्षांची देखरेख, आणि देखरेख करणाऱ्याच्या हाती करार अकरा महिन्यांचा. मुलगा ज्या माणसाला आपली गोष्ट सांगायला लागतो, तो माणूस वर्ष पुरे होण्याआत दुसऱ्या नोकरीत जातो. नवा येतो, फाईल उघडतो आणि पहिल्यापासून विचारायला लागतो. तीनदा असे झाले की पोर उत्तरे पाठ करून देते. मग त्याला निर्ढावलेला म्हणायला आपण मोकळे!

कंत्राटी पद्धत उद्या जाईल असे नाही. तोवर काय करता येईल, याची व्यवहारी उत्तरे या पुस्तकात आहेत. करार संपण्यापूर्वी दोन महिने नूतनीकरणाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला पाहिजे. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कक्ष जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली आणला आहे, तेव्हा ही तारीख त्यांच्या आढावा बैठकीच्या विषयपत्रिकेवर असायला हरकत नाही. सोडून जाणाऱ्याने प्रत्येक मुलामागे एक पानाची हस्तांतरण नोंद द्यावी: घर कुठे, आता कुणाकडे राहतो, कोणाचे ऐकतो, कशाला घाबरतो, पुढची भेट कधी. शक्य तिथे जुन्या अधिकाऱ्याने नव्याला घेऊन मुलाच्या घरी एकदा जावे. खर्च फार नाही. कुणी सांगितले नाही म्हणून ते होत नाही, एवढेच.

पोलिसांकडेही हाच नियम लागतो. बालकल्याण पोलीस अधिकारी हे बहुधा आहे त्या कामावर चढवलेले काम असते. बदली झाली की प्रशिक्षण त्याच्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात जाते आणि ठाण्याच्या भिंतीवरच्या फलकावर त्याचे नाव आणि मोबाइल नंबर मागे राहतो. वाडीतल्या आईने त्या नंबरवर फोन केला तर पलीकडून भलत्याच ठाण्यातला अधिकारी बोलतो. बदलीच्या आदेशाबरोबरच नव्या अधिकाऱ्याचे नामनिर्देशन व्हावे, विशेष बाल पोलीस पथकाच्या प्रमुखाने दर तिमाहीला फलक तपासावेत, ही अपेक्षा फार मोठी नाही. आणखी एक गोष्ट ठाण्याने कसोशीने पाळायची आहे. कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. कामगिरी दाखवण्यासाठी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला एक फोटो कायद्याने देऊ केलेली नवी सुरुवात पाच मिनिटांत पुसून टाकतो. पेणसारख्या गावात तोंड झाकलेला मुलगाही शर्टावरून ओळखला जातो.

देखरेखीची रचना कायद्यात आहे. मुख्य न्यायदंडाधिकारी दर तीन महिन्यांनी प्रलंबित प्रकरणे पाहतात. मंडळाने महिन्यातून एकदा मुलांच्या निवासी संस्थेला भेट द्यायची असते. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवायची. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही संपली नाही तर प्रकरण बंद होते. पण या सगळ्यांत मोजले जातात ते कागद. परिविक्षा अधिकारी प्रशासकीयदृष्ट्या महिला व बालविकास विभागाचा, अहवाल देतो मंडळाला. विभाग त्याच्याकडून तक्ते मागतो, मंडळ अहवाल मागते. अहवाल चांगला होता की वाईट, हे त्याला कुणीच सांगत नाही. या पुस्तकाची सूचना अशी की मंडळाच्या प्रधान दंडाधिकाऱ्यांनी तिमाहीतून एकदा दोन-तीन जुने अहवाल घेऊन अधिकाऱ्यांबरोबर बसावे: यातले काय उपयोगी पडले, काय नव्हते, पुढे मुलाचे काय झाले. यासाठी शासन निर्णय लागत नाही.

निरीक्षणगृहातल्या काळजीवाहकावर या पुस्तकात एक सबंध प्रकरण आहे, आणि ते मला सर्वांत मोलाचे वाटले. सगळ्यात कमी शिकलेला, सगळ्यात कमी पगाराचा आणि मुलाबरोबर सगळ्यात जास्त तास असलेला माणूस तो. दंडाधिकाऱ्याची भेट वीस मिनिटांची, समुपदेशकाची तासाची, काळजीवाहकाची रात्रभराची. मारहाण, छळ, पळून जाणे, स्वतःला इजा करून घेणे हे प्रकार रात्रीच घडतात. तरी त्याची निवड सर्वांत घाईने होते आणि प्रशिक्षण बहुधा होतच नाही. त्याची पूर्वपडताळणी कशी करावी, पाळ्या कशा लावाव्यात, एकट्यावर किती मुले सोडू नयेत आणि मुलाने त्याच्याविरुद्ध केलेली तक्रार कुणाच्या हाती पडावी, हे लेखकाने बारकाईने मांडले आहे.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात निवड: पात्रता, जाहिरात, मुलाखतीतले प्रश्न, पडताळणी. दुसऱ्यात काम: पहिल्या साठ दिवसांचे प्रशिक्षण, गृहभेट, अहवालाचे लेखन, गुप्तता, मुलाशी आणि पालकांशी बोलण्याची रीत. तिसऱ्यात देखरेख: आढावा, बदली, हस्तांतरण, तक्रारी आणि कर्मचाऱ्याची स्वतःची दमणूक. सगळीकडे उदाहरणे वडखळ ते रोहा या पट्ट्यातल्या जीवनाला धरून, पण नावे-गावे बदलून दिली आहेत. ते योग्यच झाले. उणीव सांगायची तर मुलींच्या प्रकरणांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. विधिसंघर्षग्रस्त मुली संख्येने थोड्या असतात, म्हणूनच त्यांच्यासाठी स्त्री कर्मचारी, वेगळी राहण्याची सोय आणि प्रवासातली सोबत या गोष्टी आयत्या वेळेवर राहतात. पुढच्या आवृत्तीत हा भाग वाढवावा.

हे पुस्तक जिल्हाधिकारी कार्यालयाने, जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांनी, पोलीस उपअधीक्षकांनी आणि मंडळाच्या दंडाधिकाऱ्यांनी वाचावे, हे सांगणे नको. मला वेगळ्या वाचकाला दोन शब्द सांगायचे आहेत. पेण, रोहा, अलिबाग इथे निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, आदिवासी वाड्यांवर वर्षानुवर्षे काम केलेले कार्यकर्ते आहेत, बालरोगतज्ज्ञ आहेत, मुलांची नस ओळखणारे वकील आहेत. मंडळाच्या सदस्यपदाची जाहिरात निघते तेव्हा यांतले फार थोडे अर्ज करतात. पैसा फारसा नाही, मान बेताचा, वेळ पुष्कळ जातो, ही कारणे खरी आहेत. पण तुम्ही अर्ज केला नाही की ती खुर्ची दुसराच कुणीतरी भरतो, आणि सुटीच्या दिवशी एकटा बसून आदेश देणारा तोच असतो. वयाची पस्तिशी उलटली असेल, सात वर्षांचा अनुभव असेल आणि घरात कधी पोर राबवले नसेल, तर पुढची जाहिरात पाहा आणि अर्ज करा.